पोलंडची राणी याद्विगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौदाव्या शतकात पोलंडवर राज्य केलेल्या याद्विगा राणीविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहितीचे प्रश्न आहेत आणि पुढे वादाचे व अपवादांचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. याद्विगा कोण होती?

याद्विगा ही हंगेरी आणि पोलंडचा राजा लुई आणि बोस्नियाची एलिझाबेथ यांची धाकटी मुलगी. तिचा जन्म १३७३च्या अखेरीस किंवा १३७४च्या सुरुवातीला हंगेरीतील बुडा येथे झाला असे मानतात. १६ ऑक्टोबर १३८४ रोजी क्राकोवच्या वावेल टेकडीवरील कॅथेड्रलमध्ये तिला राज्याभिषेक झाला, तेव्हा ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. १३८६ साली तिचा विवाह लिथुएनियाचा महाराजा योगाइला याच्याशी झाला आणि १७ जुलै १३९९ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर तिचा मृत्यू झाला. तिच्या कारकिर्दीची पंधरा वर्षेही पुरी झाली नाहीत. पण याच काळात पोलंड आणि लिथुएनिया एका राजाच्या छत्राखाली आले आणि पूर्व युरोपाचे राजकारण पुढच्या काही शतकांसाठी बदलले.

२. नावाचा उच्चार काय करावा? आणि 'संत हेडविग' म्हणतात ती हीच का?

पोलिश भाषेत 'याद्विगा' असा उच्चार होतो. जर्मन आणि इंग्रजी पुस्तकांत हेच नाव 'हेडविग' असे येते, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. साइलेशियाची संत हेडविग ही वेगळी व्यक्ती आहे. ती सरदारपत्नी होती, १२४३ साली वारली आणि १२६७ साली संत म्हणून घोषित झाली. आपली याद्विगा तिच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी जन्मली आणि तिला संतपद मिळाले ते १९९७ साली (प्रश्न १६). दोघींचे नाव एक, दोघीही संत आणि दोघींचाही पोलिश इतिहासाशी संबंध असल्यामुळे चित्रांखालच्या ओळीसुद्धा अनेकदा चुकतात. चित्रातील स्त्रीच्या हातात जोडे असतील तर ती साइलेशियाची हेडविग समजावी.

३. हंगेरीच्या राजाची मुलगी पोलंडच्या गादीवर कशी आली?

पोलंडचा राजा काझिमीर १३७० साली वारसदार मुलगा नसताना वारला आणि पियास्ट घराण्याची राजगादीवरील थेट शाखा संपली. आधीच झालेल्या करारानुसार गादी त्याच्या बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे हंगेरीचा राजा असलेल्या लुईकडे गेली. लुईलाही मुलगा नव्हता, फक्त मुली होत्या, आणि पोलंडमध्ये मुलीने गादीवर बसण्याची परंपरा नव्हती. तेव्हा लुईने उमरावांची संमती विकत घेतली, असे म्हटले तरी चालेल. १७ सप्टेंबर १३७४ रोजी कोशित्से येथे दिलेल्या सनदेत त्याने उमरावांच्या जमिनीवरील सारा १२ ग्रोशांवरून २ ग्रोशांवर आणला आणि त्या बदल्यात उमरावांनी त्याच्या एका मुलीला वारस मानण्याचे कबूल केले.

ही सनद पोलंडच्या इतिहासात फार दूरवर पोहोचली. राजाला वारस हवा असेल तर त्याने उमरावांना काही द्यावे, ही सवय येथे पक्की झाली. याद्विगाचे राज्य समजून घ्यायचे तर हे आधी ध्यानात ठेवावे लागते, कारण तिची गादी वंशाने आली तशीच सौद्यानेही आली होती.

४. मोठी बहीण मारिया असताना धाकटीला का निवडले?

लुईची थोरली मुलगी कॅथरिन १३७८ साली वारली होती. सप्टेंबर १३८२ मध्ये लुई वारला आणि मधली मारिया लगेच हंगेरीच्या गादीवर बसली. लुईच्या मनात पोलंडही तिलाच द्यायचे होते. मारियाचा वाग्दत्त वर सिगिस्मुंड हा लक्झेंबर्ग घराण्यातला होता आणि तो पोलिश सरदारांना नकोसा होता. शिवाय दूर बुडामध्ये राहून पोलंडवर राज्य करणारा धनी त्यांना पुन्हा नको होता. लुईच्या कारकिर्दीत त्यांनी तो अनुभव पुरेसा घेतला होता. नोव्हेंबर १३८२ मध्ये राडोमस्को येथे जमलेल्या सरदारांनी एकच अट घातली की, लुईची जी मुलगी पोलंडमध्ये येऊन राहील तिलाच आम्ही मानू. राजमाता एलिझाबेथने मग मारियाऐवजी याद्विगाचे नाव पुढे केले, पण मुलीला पाठवायला मात्र ती दोन वर्षे टाळाटाळ करत राहिली.

त्या दोन वर्षांत पोलंडमध्ये यादवी माजली. पश्चिमेकडच्या 'बृहत् पोलंड' प्रांतात ग्झिमावा आणि नावेंच या दोन सरदार कुळांत लढाया जुंपल्या आणि पियास्ट घराण्याच्या माझोव्हियन शाखेतला शेमोवित स्वतःला राजा म्हणवून घेऊ लागला. १३८३ साली शेराद्झच्या सभेत त्याला राजा म्हणून घोषित करण्याची वेळ जवळपास आली होती. तेंचिनचा याश्को या सरदाराने थोडे थांबा असे सुचवले म्हणून ते टळले. त्याच वर्षी शेमोवित आर्चबिशपांच्या लवाजम्यात मिसळून क्राकोवमध्ये शिरू पाहत होता. याद्विगा येताच तिला ताब्यात घेऊन लग्न लावण्याचा त्याचा बेत असल्याचे सांगतात. क्राकोवच्या नागरिकांनी वेशीचे दरवाजे उघडलेच नाहीत. पुढे याच शेमोवितने याद्विगाशी निष्ठेची शपथ घेतली आणि योगाइलाच्या बहिणीशी लग्न केले. त्या काळच्या शत्रुत्वांचे आयुष्य असे कमीच असे.

५. तिला 'राजा' म्हणून अभिषेक झाला असे वाचले. म्हणजे नेमके काय?

मराठीत 'राणी' हा एकच शब्द राजाच्या पत्नीसाठीही चालतो आणि स्वतः राज्य करणाऱ्या स्त्रीसाठीही. मध्ययुगीन लॅटिनमध्येही 'रेगिना' या शब्दाची हीच अडचण होती. १३८४च्या अभिषेकात याद्विगाला 'रेक्स', म्हणजे राजा, मानण्यात आले असे इतिहासकार सांगतात. त्याचा अर्थ असा की, ती कोणा राजाची पत्नी म्हणून सिंहासनावर आलेली नव्हती. सत्ता तिच्या स्वतःच्या हक्काची होती. यामागे एक व्यावहारिक हेतूही असावा. तिचा वाग्दत्त वर विल्हेल्म (प्रश्न ७) याला लग्नाच्या जोरावर आपोआप राजा होता येऊ नये, अशी पोलिश सरदारांची इच्छा होती. तिच्या बहिणीलाही हंगेरीत 'राजा' म्हणूनच अभिषेक झाला होता, त्यामुळे ही पोलंडची एकट्याची तऱ्हा नव्हती. दैनंदिन कागदपत्रांत मात्र 'राणी' हाच शब्द राहिला.

६. दहा वर्षांची मुलगी राज्य कसे करणार? खरी सत्ता कोणाकडे होती?

सुरुवातीची काही वर्षे सत्ता क्राकोवभोवतीच्या 'लघु पोलंड' प्रांतातील सरदारांकडे होती, हे सरळ मान्य करायला हरकत नाही. तेंचिनचा याश्को, मेल्श्तिनचा स्पितेक, कुरोझ्वेंकीचा दोबिएस्लाव ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्या जोडीला क्राकोवचे बिशप यान राडलित्सा होते. हे गृहस्थ पूर्वी लुई राजाचे वैद्य आणि नंतर चान्सलर होते. सनदा याद्विगाच्या नावाने निघत, पण दहा वर्षांच्या मुलीने त्यांचा मजकूर ठरवला असे कोणी म्हणणार नाही.

तरीही ती गादीवर असणे हीच एक शक्ती होती. तिच्याशिवाय सरदारांकडे सर्वांना मान्य होईल असा एकही माणूस नव्हता. ती क्राकोवमध्ये आली आणि शेमोवितचा पक्ष हळूहळू विरघळला. बाहुली म्हणून तिच्याकडे पाहणारे बरेच लेखक हा भाग विसरतात. शिवाय तिची पुढची दहा-बारा वर्षे पाहिली तर ती बाहुली राहिलेली दिसत नाही (प्रश्न ११).

७. तिचे लग्न आधीच झालेले होते का?

याचे उत्तर त्या काळीही एकमताने देता आले नव्हते. १५ जून १३७८ रोजी हाइनबुर्ग येथे चार वर्षांची याद्विगा आणि आठ वर्षांचा विल्हेल्म यांचा विधी झाला. विल्हेल्म हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातील लिओपोल्डचा मुलगा. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर हे वाग्दान होते, पण साधे वाग्दान नव्हते. मुले वयात आल्यावर वेगळा विधी न करता एकत्र राहू लागली की विवाह पूर्ण समजावा, असे करारात होते आणि करार मोडणाऱ्याने दुसऱ्या पक्षाला २,००,००० फ्लोरिन द्यायचे होते.

चर्चच्या कायद्यानुसार मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर विवाहासाठी सज्ञान ठरत असे. अज्ञान वयात दिलेले वचन सज्ञान झाल्यावर नाकारता येई, मात्र त्याआधी शरीरसंबंध झालेला नसेल तरच. म्हणून सगळा वाद एका मुद्द्यापाशी येऊन ठेपला. ऑगस्ट १३८५ मध्ये विल्हेल्म क्राकोवला आला, तेव्हा त्या दोघांचा विवाह पूर्ण झाला की नाही? हाब्सबुर्ग पक्ष 'झाला' म्हणत राहिला, पोलिश पक्ष 'झाला नाही' म्हणत राहिला. याद्विगाने योगाइलाशी लग्न करण्यापूर्वी लहानपणीचे वचन जाहीरपणे मागे घेतले. अधिकृत बाजू तिथे संपते. कुजबुज पुढेही बरीच वर्षे चालली. विल्हेल्मने मात्र याद्विगा जिवंत असेपर्यंत दुसरे लग्न केले नाही. १४०१ साली त्याने नेपल्सच्या जोआनाशी विवाह केला.

या सगळ्यात राजमातेची भूमिका विशेष पाहण्यासारखी आहे. १३८५च्या उन्हाळ्यात तिने लिओपोल्डला लग्न ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकण्याचे वचन दिले आणि त्याच सुमारास तिचे दूत लिथुएनियात योगाइलाशी बोलणी करत होते. मुलीच्या दोन लग्नांना एकाच महिन्यात होकार देणारी आई इतिहासात फारशी सापडत नाही.

८. तिने कुऱ्हाडीने किल्ल्याचे दार फोडण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी आहे : सरदारांनी विल्हेल्मला वावेलच्या किल्ल्यात येऊ दिले नाही, तेव्हा त्याला भेटायला बाहेर पडण्यासाठी याद्विगाने कुऱ्हाड मागवली आणि दारावर घाव घालू लागली, खजिनदार असलेल्या गोराईच्या दिमित्र या वृद्ध सरदाराने विनवण्या करून तिला थांबवले. ती यान द्लुगोश या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

द्लुगोश १४१५ साली जन्मला, म्हणजे याद्विगाच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. तो क्राकोवच्या कॅथेड्रलशी संबंधित धर्मगुरू होता, त्याला जुन्या माणसांकडून ऐकायला मिळाले असेल आणि जुने कागदही त्याच्या हाताखाली होते. पण त्याला योगाइला फारसा आवडत नसे आणि याद्विगाचा त्याग जितका मोठा दिसेल तितकी त्याची कथा उंच होई. आपण बखर वाचताना जी सावधगिरी बाळगतो तीच येथे बाळगावी. विल्हेल्म क्राकोवला आला आणि त्याला किल्ल्यातून दूर ठेवले गेले, एवढे धरून चालावे. कुऱ्हाड द्लुगोशच्या खात्यावर ठेवावी. विल्हेल्मला भेटण्यासाठी ती फ्रान्सिस्कन मठात जात असे, ही माहितीसुद्धा त्याच परंपरेतली आहे.

९. मूर्तिपूजक योगाइलाच का निवडला?

कारण त्याच्याकडे देण्यासारखे सर्वांत जास्त होते. लिथुएनियाचे राज्य तेव्हा बाल्टिकजवळून दक्षिणेला पार गवताळ मैदानांपर्यंत पसरले होते. पोलंड आणि लिथुएनिया या दोघांनाही प्रशियातील ट्युटॉनिक सरदारसंघाचा (प्रश्न १०) जाच होता. १४ ऑगस्ट १३८५च्या क्रेवो येथील करारात योगाइलाने लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, पंथाचा बाप्तिस्मा घेण्याचे, आपल्या लोकांनाही बाप्तिस्मा देण्याचे, विल्हेल्मला २,००,००० फ्लोरिनची भरपाई देण्याचे, पकडलेल्या ख्रिस्ती लोकांना सोडण्याचे आणि पोलंडने गमावलेले प्रदेश परत मिळवण्याचे वचन दिले. आपली भूमी तो पोलंडच्या राजमुकुटाशी 'जोडेल' असेही त्यात होते. त्या एका लॅटिन क्रियापदाचा अर्थ विलीनीकरण की केवळ जोडणी, यावर पोलिश आणि लिथुएनियन इतिहासकारांचे आजही एकमत नाही.

योगाइलापुढे दुसरा पर्यायही होता. त्याची आई, त्वेरची उलियाना, ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची होती आणि मॉस्कोच्या राजकन्येशी त्याच्या लग्नाची बोलणी झाली होती. तो क्राकोवऐवजी मॉस्कोकडे वळला असता तर पुढचा नकाशा वेगळा दिसला असता. १२ फेब्रुवारी १३८६ रोजी तो क्राकोवमध्ये आला, १५ तारखेला बाप्तिस्मा घेऊन व्लादिस्लाव झाला, १८ तारखेला विवाह झाला आणि ४ मार्च रोजी त्याचा राज्याभिषेक झाला. 'यागेल्लो' हे त्याच्या जुन्या नावाचे पोलिश रूप.

१०. चर्चने हे लग्न कसे मान्य केले? आणि चर्चच्याच दबावामुळे तिने होकार दिला का?

या प्रश्नातला 'चर्च' हा एकवचनी शब्दच अडचणीचा आहे. याद्विगाच्या भोवती निदान पाच चर्चे होती, आणि त्यांची मते जुळत नव्हती.

पहिले, देशातले बिशप. ग्निएज्नोचे आर्चबिशप बोद्झांता शेमोवितच्या बाजूला झुकलेले होते. त्यांच्याच लवाजम्यातून तो क्राकोवला येऊ पाहत होता, परंतु अभिषेक करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी शेमोवितला नकार दिला. पुढच्या वर्षी याद्विगाच्या डोक्यावर मुकुट ठेवणारे हेच बोद्झांता. दुसरे आणि तिसरे, रोम आणि आविन्यों. १३७८ पासून ख्रिस्ती जगताला दोन पोप होते. रोममध्ये अर्बन सहावा होता आणि आविन्योंमध्ये क्लेमेंट सातवा. हाब्सबुर्गांपैकी लिओपोल्ड क्लेमेंटच्या बाजूचा होता. पोलंड रोमशी निष्ठावान होता. आपल्या शत्रूच्या पाठीराख्याच्या मुलासाठी अर्बनने जीव टाकण्याचे कारण नव्हते, आणि इकडे तर एक अख्खा मूर्तिपूजक देश रोमच्या पदरात पडत होता. १३८८ साली अर्बनने व्लादिस्लावला ख्रिस्ती राजा म्हणून मान्यता दिली. लिओपोल्ड स्वतः जुलै १३८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेंपाखच्या लढाईत मारला गेला होता, त्यामुळे त्या बाजूने मोठा उठावही झाला नाही.

चौथे, ट्युटॉनिक सरदारसंघ. हे लढवय्ये सरदार असले तरी धार्मिक व्रत घेतलेले होते आणि संघ ही चर्चचीच संस्था होती. मूर्तिपूजकांविरुद्धचे धर्मयुद्ध हेच त्यांच्या प्रशियातील अस्तित्वाचे समर्थन होते. लिथुएनिया ख्रिस्ती झाला तर धर्मयुद्ध कोणाविरुद्ध करायचे? योगाइलाने संघाच्या प्रमुखाला बाप्तिस्म्यासाठी धर्मपिता म्हणून बोलावले होते, तो आला नाही. याद्विगावर द्विविवाहाचा आणि तिच्या पतीवर ढोंगी धर्मांतराचा आरोप सर्वांत हिरिरीने पसरवणाऱ्यांत संघ होता, याचे आश्चर्य वाटू नये.

पाचवे, तिच्या जवळचे उपदेशक आणि धर्मगुरू. बारा वर्षांच्या मुलीला 'तुझ्या एका होकारावर एका राष्ट्राचा उद्धार अवलंबून आहे' असे सांगणे म्हणजे दबावच. वावेलच्या कॅथेड्रलमधील काळ्या क्रुसापुढे ती प्रार्थना करत असता क्रुसावरील ख्रिस्त तिच्याशी बोलला, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणून वाचली तरी त्या निर्णयाचा भार किती होता हे तिच्यातून कळते. तिच्या मनात नेमके काय चालले होते हे सांगणारे तिच्या हातचे एकही पत्र आपल्याला आधार देत नाही. म्हणून 'धर्मासाठी हसत त्याग केला' आणि 'रडत बळी गेली' ही दोन्ही विधाने मला सारखीच धाडसी वाटतात.

११. लग्नानंतर ती नामधारी राणी राहिली का?

नाही. यागेल्लो राजा झाला तरी याद्विगाचा स्वतंत्र हक्क संपला नाही. दोघे सहराज्यकर्ते होते. याचा सर्वांत ठळक पुरावा १३८७ सालचा आहे. ल्विवच्या परिसरातील लाल रुथेनिया हा प्रदेश तिच्या वडिलांनी पोलंडऐवजी हंगेरीच्या सुभेदारांकडे सोपवला होता. यागेल्लो लिथुएनियात असताना १३८७च्या सुरुवातीला याद्विगा स्वतः सरदारांसह सैन्य घेऊन तिकडे निघाली. तेव्हा तिला चौदावे वर्ष चालू होते. बहुतेक शहरांनी दारे उघडली, तिने त्यांचे जुने हक्क कायम केले, आणि हालिचचा हंगेरियन सुभेदार तेवढा काही महिने अडून राहिला.

ही मोहीम आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्या जानेवारीत तिची आई एलिझाबेथ हिचा क्रोएशियातील बंडखोरांच्या कैदेत खून झाला होता आणि बहीण मारिया अजून त्याच कैदेत होती. म्हणजे बहिणीच्या राज्याचा एक प्रांत याद्विगाने तिच्या सर्वांत वाईट दिवसांत परत घेतला. पोलंडच्या दृष्टीने तो प्रांत आपलाच होता आणि ही संधी सोडणे मूर्खपणाचे ठरले असते. संतचरित्रे या प्रसंगावरून जरा घाईने पुढे जातात. मला तर हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो, कारण येथे ती मुलगी, बहीण किंवा वधू नाही. ती पोलंडची राज्यकर्ती आहे.

१३९५ साली मारिया घोड्यावरून पडून वारली, तेव्हा याद्विगाने 'हंगेरीची वारस' ही पदवी धारण केली, पण सिगिस्मुंडला हटवण्यासाठी युद्ध मात्र केले नाही. ट्युटॉनिक संघाने गहाण म्हणून घेतलेला दोब्झिनचा प्रदेश परत मिळावा म्हणून तिने संघाशी स्वतः वाटाघाटी केल्या. त्या यशस्वी झाल्या नाहीत. यागेल्लो आणि त्याचा महत्त्वाकांक्षी चुलतभाऊ व्हितौतास यांच्यातील तणावातही तिचा शब्द मध्यस्थीसाठी घेतला जाई.

१२. लिथुएनियाचे धर्मांतर तिने केले, हे म्हणणे बरोबर आहे का?

अंशतः. १३८७ साली लिथुएनियात जाऊन बाप्तिस्मे घडवून आणणारा आणि व्हिल्नियसचे बिशपपद स्थापन करणारा यागेल्लो होता. याद्विगाने नव्या चर्चना पूजेची भांडी व वस्त्रे दिली आणि पुढे लिथुएनियन विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र शिकता यावे म्हणून प्राग येथे निवासी महाविद्यालयासाठी देणगी दिली. तिचे लग्न ही या धर्मांतराची अट होती, या अर्थाने श्रेय तिच्याकडे जाते.

येथे एक अपवाद नेहमी सुटतो. लिथुएनियाच्या राज्यातील बहुसंख्य प्रजा स्लाव आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होती. हे धर्मांतर मूर्तिपूजक लिथुएनियन लोकांपुरते होते. समोगितिया हा प्रदेश तर १४१३ पर्यंत बाहेरच राहिला. राजा-राणीने १३९० साली क्राकोवजवळ क्लेपाझ येथे स्लाव भाषेत पूजा करणारे बेनेडिक्टाइन भिक्षू प्रागहून आणून बसवले, यावरून पूर्वेकडच्या प्रजेचा विचार त्यांच्या मनात होता असे दिसते.

१३. 'त्यांचे अश्रू त्यांना कोण परत देणार?' हे वाक्य तिचेच का?

प्रसंग असा सांगतात की, राजाच्या माणसांनी चर्चच्या गावांतील शेतकऱ्यांची गुरे जप्त केली. याद्विगाच्या सांगण्यावरून ती परत दिली गेली, आणि तेव्हा ती हे म्हणाली. वाक्य सुंदर आहे आणि पोलंडमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु तेही द्लुगोशकडूनच आले आहे. त्याच्याविषयीचे इशारे प्रश्न ८ मध्ये दिले आहेत.

१४. क्राकोवचे विद्यापीठ तिने स्थापन केले का? मग त्याला यागेल्लोचे नाव का?

विद्यापीठ १३६४ साली काझिमीर राजाने स्थापन केले, पण त्याच्या मृत्यूनंतर ते मोडकळीला आले. त्यात धर्मशास्त्राची शाखाही नव्हती, आणि त्या काळी त्या शाखेशिवाय विद्यापीठ अपुरे समजत. याद्विगा आणि यागेल्लो यांच्या प्रयत्नांमुळे पोप बोनिफेस नववा याने जानेवारी १३९७ मध्ये ही शाखा काढण्याची परवानगी दिली. याद्विगाने मृत्युपत्रात आपले दागिने व मौल्यवान वस्तू विद्यापीठासाठी ठेवल्या. तिच्या मृत्यूनंतर, २६ जुलै १४०० रोजी, यागेल्लोने त्याच्या पुनःस्थापनेची सनद दिली. पहिला कुलगुरू स्कार्बिमिएशचा स्तानिस्लाव हा तिच्याच वर्तुळातला विद्वान होता. 'यागिएलोनियन' हे नाव एकोणिसाव्या शतकातले आहे. पैसे पत्नीचे आणि पाटी पतीच्या घराण्याची, अशी ही गोष्ट.

१५. तिचा मृत्यू झाल्यावर यागेल्लोचा हक्क संपायला हवा होता ना?

तांत्रिकदृष्ट्या हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता. २२ जून १३९९ रोजी याद्विगाला मुलगी झाली. पोप बोनिफेस नववा तिचा धर्मपिता होणार म्हणून तिचे नाव एलिझाबेथ बोनिफाचिया ठेवले. १३ जुलै रोजी मुलगी वारली आणि १७ जुलै रोजी आई. गादीचा मूळ हक्क याद्विगाचा होता आणि यागेल्लोला तो लग्नातून मिळाला होता. आता पत्नीही नाही आणि मूलही नाही. मात्र त्याला स्वतंत्र अभिषेक झालेला होता आणि तेरा वर्षे तो राज्य करत होता. उमरावांनी त्यालाच राजा म्हणून कायम ठेवले. १४०२ साली त्याने काझिमीर राजाची नात असलेल्या त्सेल्येच्या आनाशी लग्न केले, त्यामुळे पियास्ट रक्ताशी नाते पुन्हा जुळले. ज्या यागिएलोनियन घराण्याने पुढे पोलंडवर राज्य केले ते यागेल्लोच्या चौथ्या पत्नीच्या मुलांपासून चालले. याद्विगाच्या रक्ताचा त्यात अंश नाही.

१६. संतपद मिळायला जवळजवळ सहाशे वर्षे का लागली?

तिच्या कबरीपाशी नवस आणि चमत्कार यांची नोंद पंधराव्या शतकातच सुरू झाली होती आणि तिला संत ठरवण्याच्या दिशेने चौकशीही झाली. पण ती प्रक्रिया पुढे सरकली नाही. शेजारी हाब्सबुर्ग आणि ट्युटॉनिक संघ यांनी पसरवलेला द्विविवाहाचा आरोप मार्गात होता, खर्चाचा प्रश्न होता आणि नंतरच्या शतकांत स्वतंत्र पोलंडच उरला नाही. प्रकरणाला गती मिळाली ती क्राकोवचे आर्चबिशप राहिलेले कारोल वोयतिवा पोप जॉन पॉल दुसरे झाल्यावर. ८ जून १९९७ रोजी क्राकोवच्या ब्वोन्या मैदानावर त्यांनी तिला संत घोषित केले. तिचा सण पोलंडमध्ये ८ जूनला पाळतात.

१७. काही ठिकाणी तिचे जन्मवर्ष १३७१ का दिसते?

जुन्या पुस्तकांत बहिणींची जन्मवर्षे एकमेकींत मिसळली आहेत. १३७१ हे मारियाचे. याद्विगाच्या जन्माची नेमकी तारीख कोठेही नोंदलेली नाही. १८ फेब्रुवारी १३८६ रोजी ती विवाहासाठी सज्ञान, म्हणजे बारा वर्षे पूर्ण झालेली, असायला हवी होती (प्रश्न ७). म्हणून १८ फेब्रुवारी १३७४ ही तिच्या जन्माची शेवटची मर्यादा धरतात.

१८. तिने सगळे दान केले म्हणून तिला लाकडी राजदंड देऊन पुरले, हे खरे का?

तिची कबर १८८७ आणि १९४९ साली उघडण्यात आली. आत सापडलेली राजचिन्हे सोन्याची नव्हती. लाकडासारख्या साध्या वस्तूची आणि वरून मुलामा दिलेली होती. यावरून, दागिने विद्यापीठाला दिल्यामुळे पुरण्यासाठी सोने उरले नाही, अशी हृद्य गोष्ट तयार झाली. दागिन्यांचे दान खरे आहे (प्रश्न १४). पण राजांना पुरताना खरी राजचिन्हे न ठेवता त्यांच्या स्वस्त प्रतिकृती ठेवण्याची पद्धत तेव्हा होतीच. १८६९ साली त्याच कॅथेड्रलमध्ये काझिमीर राजाची कबर उघडली, तेव्हा त्याचा मुकुट मुलामा दिलेल्या तांब्याचा निघाला, आणि काझिमीरने काही आपले सोने कोणाला वाटून टाकलेले नव्हते.